कर्नल हुद्द्यावरून निवृत्ती : संरक्षण धोरण आणि सल्लागारी, सुरुवात कुठून करावी?

देवळाली_१५५ (प्रश्न)

तोफखान्यात कर्नल आहे. वयाच्या ५४व्या वर्षी, येत्या मार्चअखेर निवृत्त होतोय. शेवटची नेमणूक दिल्लीत मुख्यालयात, कपॅबिलिटी डेव्हलपमेंटमध्ये आहे, म्हणजे शस्त्रखरेदीच्या फायली. त्याआधी देवळाली. घर पुण्यात, त्यामुळे पुण्यातच राहणार.

पुढे दोन कामं करायचा विचार आहे. एक, संरक्षण धोरणावर अभ्यास आणि लेखन, जमल्यास एखाद्या संशोधन संस्थेशी जोडून घेऊन. दोन, कंपन्यांना सल्ला. पुण्याजवळची एक मध्यम आकाराची कंपनी तोफांचे सुटे भाग करते आणि आता पूर्ण प्रणालीच्या निविदांत उतरू पाहतेय. त्यांनी तोंडी प्रस्ताव दिलाय : दरमहा दीड लाख रिटेनर, आणि ऑर्डर मिळाली तर कंत्राटाच्या किमतीवर अर्धा टक्का. शिवाय तोफेच्या साइट (नेम धरायची उपकरणं) बनवणारी एक परदेशी कंपनीही विचारतेय.

विचारायचं ते असं :
१. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी कामासाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीचं नेमकं काय? नोकरी न धरता स्वतःची सल्लागार फर्म काढली तर ती लागते का?
२. अर्ध्या टक्क्याचं काय करावं?
३. कंपनीला माझा खरा उपयोग काय? ओळखी सोडून बोला.
४. जीएसटी, टीडीएस वगैरे.
५. धोरणलेखन आणि सल्लागारी एकत्र चालतात का?

---

फाइल_नोटिंग

सर, पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो. बहुतेक अधिकारी अडकतात ते तिथेच.

कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला निवृत्तीच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. अर्ज आपल्या सेनादलाच्या मुख्यालयामार्फत संरक्षण मंत्रालयाकडे जातो. परवानगी न घेता रुजू झालात तर निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः रोखण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

फर्म काढून हे टळत नाही. निवृत्तिवेतन नियमांतली ‘व्यावसायिक नोकरी’ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. पगारी नोकरी आणि कंपनीचं संचालकपद तर त्यात येतंच. त्याखेरीज सल्लागार म्हणून स्वतंत्र किंवा भागीदारीत व्यवसाय मांडणं हेही तीन प्रसंगी येतं : विषयाची व्यावसायिक पदवी नसताना केवळ सरकारी कामातून मिळालेल्या माहितीवर सल्ला देणं, आधीच्या पदामुळे गिऱ्हाइकाला गैरवाजवी फायदा होईल असा सल्ला देणं, किंवा सरकारी कार्यालयांशी संपर्क ठेवावा लागेल असं काम घेणं. तुमचं काम यातल्या एका तरी कप्प्यात बसतं. सरकारी मालकीच्या किंवा सरकारी नियंत्रणाखालच्या कंपन्या मात्र या व्याख्येबाहेर आहेत. खडकीची म्युनिशन्स इंडिया असो की कानपूरची ॲडव्हान्स्ड वेपन्स, तिथलं काम पहिल्याच वर्षात घेता येतं.

अर्ज तपासणारा माणूस मुख्यतः एक गोष्ट बघतो : शेवटच्या तीन वर्षांत या कंपनीचा कागद तुमच्या टेबलावरून गेला होता का? तुमच्या बाबतीत हा प्रश्न टोकदार आहे, कारण तुम्ही खरेदीच्याच फायलींवर बसला आहात. कंपनीने एखाद्या आरएफआयला (खरेदीआधी विक्रेत्यांकडून मागवलेली माहिती) उत्तर दिलं असेल, नो कॉस्ट नो कमिटमेंट (सरकारला खर्च नाही, खरेदीचं बंधन नाही) चाचणीसाठी नमुना आणला असेल, किंवा विक्रेत्यांच्या बैठकीत तुमच्यासमोर सादरीकरण केलं असेल, तर ते अर्जात स्वतःहून लिहा. लपवलेला संबंध पुढे तक्रारीतून बाहेर येतो, आणि तक्रार करणारा बहुधा हरलेला प्रतिस्पर्धी असतो. त्याच्याकडे तारखा तयार असतात.

माझं मत विचाराल तर या कंपनीचं काम पहिलं वर्षभर घेऊच नका. त्या वर्षात दुसरं पुष्कळ करण्यासारखं आहे, खाली कुणी लिहीलच. आणि आत्ता, अंगावर वर्दी असताना, सही नाही, टोकन नाही, ‘आपलं ठरलं’ असा व्हॉट्सॲप मेसेजही नाही.

आता अर्धा टक्का. हे घेऊ नका, कुठल्याही रूपात. भांडवली खरेदीच्या प्रमाण करारात विक्रेता लिहून देतो की, हे कंत्राट मिळावं म्हणून सरकारकडे रदबदली, शिफारस किंवा मध्यस्थी करायला त्याने कुणाही व्यक्तीला वा संस्थेला नेमलेलं नाही आणि त्यापोटी कुणाला पैसे दिलेले नाहीत, देणारही नाही. हे खोटं ठरलं तर कंत्राट रद्द, दिलेली रक्कम व्याजासह वसूल, आणि पुढे काळ्या यादीची टांगती तलवार. मोठ्या कंत्राटांत वर इंटिग्रिटी पॅक्टही (लाच न देण्या-घेण्याचा करार) असतो. ऑर्डरच्या किमतीशी बांधलेला मोबदला कागदावर कितीही सोज्वळ शब्दांत लिहा, चौकशीत तो दलालीच दिसतो. कंपनीचे मालक म्हणतील, ‘सगळेच देतात.’ त्यांना करारातलं ते कलम वाचून दाखवा, अडचणीत पहिली त्यांची कंपनी येणार आहे.

टक्क्याऐवजी कामाच्या टप्प्यांवर ठरावीक रक्कम मागा. अनुपालन तक्ता (निविदेतली कुठली अट कशी पाळली याची यादी) पूर्ण झाला की इतके, रंगीत तालमीची चाचणी झाली की इतके. काम झालं की पैसे, मग ऑर्डर मिळो न मिळो.

ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि निवृत्तीने तो सुटत नाही. २०२१ मध्ये किलो वर्गातल्या पाणबुड्यांच्या आधुनिकीकरणाची माहिती फुटल्याच्या प्रकरणात सीबीआयने सेवेतल्या नौदल अधिकाऱ्यांबरोबर निवृत्त अधिकाऱ्यांनाही अटक केली होती. जुन्या डायऱ्या, पेनड्राइव्हवरचे ‘संदर्भासाठी’ ठेवलेले मसुदे, जीएसक्यूआरच्या (शस्त्राकडून लष्कराच्या अपेक्षांचा दस्तऐवज) कच्च्या प्रती, यातलं काहीही घरी येता कामा नये.

---

चाचणीमैदान

तिसऱ्या प्रश्नावर. तुमच्या ओळखी दोन-तीन वर्षांत शिळ्या होतात, कारण समोरचे अधिकारी बदलतात. टिकतं ते दुसरंच : आरएफपी (बोली मागवणारा निविदा दस्तऐवज) वाचून, ही कंपनी कुठे आपटणार हे आधी सांगता येणं. मध्यम कंपन्यांकडे इंजिनिअर चांगले असतात, पण डीएपी २०२० (संरक्षणातल्या भांडवली खरेदीची नियमावली) कोळून प्यालेला माणूस नसतो.

ठेच लागण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, स्वदेशी घटकांचं प्रमाण. डीएपी २०२०च्या ‘बाय इंडियन आयडीडीएम’ (देशी रचना, विकास आणि उत्पादन) वर्गात मूळ कंत्राट किमतीच्या किमान ५० टक्के स्वदेशी घटक लागतो. कंपनीचा हिशेबनीस स्वतः आयात केलेला माल तेवढा वजा करतो आणि मोकळा होतो. नियमाने पुरवठा साखळीतल्या सगळ्या पायऱ्यांवरची आयात वजा होते. समजा मूळ किंमत १००, थेट आयात ३८. कंपनी ६२ टक्के दाखवते आणि खुशीत असते. पण १५ रुपयांचा हायड्रॉलिक पॅक भारतीय पुरवठादाराकडून घेतलाय आणि त्यात ९ रुपयांचे पंप-व्हॉल्व्ह बाहेरून आलेत. ६ रुपयांची बेअरिंगं भोसरीच्या डीलरकडून रीतसर जीएसटी बिलावर आलीत, पण ती आहेत जपानी. ६२ वजा ९ वजा ६, उरले ४७. वर्गातूनच बाहेर. म्हणून बोली लिहायच्या आधी प्रत्येक उपपुरवठादाराकडून त्याच्या खालच्या पायरीचं प्रमाणपत्र मागवायचं. ते यायला वेळ लागतो, आणि काही जण देतच नाहीत. अशा वेळी पुरवठादार बदलायला हाताशी दिवस असले पाहिजेत.

दुसरी, अनुपालन तक्ता. आरएफपीतल्या प्रत्येक परिच्छेदासमोर कंपनी ‘कम्प्लाइड’ असं छापून टाकते. तांत्रिक मूल्यमापन समितीला पुरावा हवा असतो. तक्त्याला पाच रकाने ठेवा : परिच्छेद क्रमांक, मागितलेलं मूल्य, आमचं मूल्य, पुरावा कुठला (चाचणी अहवाल, रेखाचित्र की उत्पादकाचं पत्र), आणि त्याचं पान. पाचवा रकाना भरता येत नसेल तर तिथे अजून काम बाकी आहे असं समजा. बोली उघडल्यावर स्पष्टीकरण देता येतं, प्रस्ताव बदलता येत नाही.

तिसरी, आवश्यक निकषांचे अ आणि ब गट. अ गटातलं सगळं मैदानी चाचणीत सिद्ध करावं लागतं. ब गटातलं कंत्राटानंतर, ठरल्या मुदतीत देतो असं लिहून देऊन चालतं. कंपन्या ब गटाकडे दुर्लक्ष करतात आणि कंत्राट मिळाल्यावर घाम फुटतो, कारण तेव्हा उशीर झाला की दंड सुरू होतो. याउलट ‘वाढीव कामगिरी निकष’ असतात, त्यांचा फायदा थेट एल-१ (सर्वांत कमी किमतीचा बोलीदार) ठरवताना किमतीत मिळतो. तो हिशेब बोलीच्या आधी करायचा असतो : वाढीव निकष गाठायला किती खर्च आणि त्यातून किमतीत किती सवलत. पुष्कळदा सौदा परवडत नाही.

चौथी म्हणजे ऋतू. याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, पण कंपनीला सांगावं लागतं. उन्हाळी चाचण्या राजस्थानात पोखरण किंवा महाजनला, हिवाळी चाचण्या सिक्कीम किंवा लडाखला. मे महिन्यात रिकॉइल (तोफेचा धक्का झेलणाऱ्या) यंत्रणेचं सील गळालं आणि सुटा सील सेट सोबत नव्हता, तर दुरुस्ती होईपर्यंत पाऊस सुरू होतो आणि पुढची तारीख पुढच्या उन्हाळ्यात. वर्ष गेलं. म्हणून नमुना मैदानावर नेण्याआधी जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकाप्रमाणे तापमान, कंपन, धूळ आणि दमटपणाच्या चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर ईएमआय-ईएमसी (विद्युतचुंबकीय हस्तक्षेपाची) चाचणीही, कारण त्या प्रयोगशाळांच्या तारखा पटकन मिळत नाहीत. सुट्या भागांची यादी मेंटेनन्सच्या हवालदाराला समोर बसवून करा. डिझाइनवाल्यांच्या यादीत स्प्लिट पिन नसतात.

वेळेचा अंदाजही कंपनीला द्यावा लागतो. १५५ मिलिमीटर ५२ कॅलिबरची अटॅग्स तोफ घ्या. डीआरडीओचा प्रकल्प २०१३चा, २०१७च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दिसली, २०२०च्या सप्टेंबरात पोखरणला गोळीबारात नळी फुटली, आणि ३०७ तोफांचं कंत्राट झालं ते मार्च २०२५ मध्ये, ओढणाऱ्या गाड्या धरून सुमारे ६,९०० कोटींचं. प्रकल्पापासून कंत्राटापर्यंत बारा वर्षं. तुमच्या कंपनीचा मालक जर ‘दोन वर्षांत ऑर्डर’ अशा हिशेबाने बँकेचं कर्ज काढत असेल, तर त्याला थांबवणं हाच पहिला सल्ला.

एक सुचवतो. या कंपनीला पूर्ण प्रणालीच्या मागे लावू नका. सुटे भाग, उपप्रणाली, दुरुस्तीचे संच ही महसुली खरेदी आहे. ती डीपीएमखाली (महसुली खरेदीची नियमावली) चालते, आणि डीपीएम २०२५ हे १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पैसा लहान, पण फिरतो लवकर. संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या वस्तूंच्या याद्या आहेत, त्या तोफखान्याच्या डोळ्यांनी चाळणारा माणूस त्यांना मिळाला तर रिटेनर सहा महिन्यांत वसूल होईल. नवं तंत्रज्ञान असेल तर मंत्रालयाच्या आयडेक्स या नवोपक्रम योजनेच्या स्टार्टअप आव्हानात दीड कोटीपर्यंत, प्राइममध्ये १० कोटींपर्यंत आणि अदिती योजनेत २५ कोटींपर्यंत अनुदान आहे. मात्र ते टप्प्याटप्प्याने मिळतं आणि कंपनीचा स्वतःचा वाटाही लागतो. अनुदान म्हणजे फुकटचा पैसा, असं समजून आलेल्यांची पहिल्याच टप्प्यात फेफे उडते.

डीएपीच्या फेरआढाव्याचं काम २०२५ मध्ये सुरू झालं. त्यामुळे कुठलाही आकडा गिऱ्हाइकाला देण्याआधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत आणि दुरुस्त्या बघायच्या.

---

जमाखर्च

चौथा प्रश्न माझा.

सल्ला सेवेवर जीएसटी १८ टक्के. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. उलाढालीत निवृत्तिवेतन धरत नाहीत, पण घरभाडं धरतात, अगदी करमाफ निवासी भाडंसुद्धा. दीड लाखाने बारा महिन्यांचे १८ लाख झाले, शिवाय भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं महिना २५ हजाराने ३ लाख, बेरीज २१. नोंदणी लागली. इथे बरेच जण गाफील राहतात.

नोंदणी झाल्यावर बिल असं :
सल्ला शुल्क १,५०,०००
जीएसटी १८ टक्के २७,०००
एकूण १,७७,०००
कंपनी टीडीएस कापेल १० टक्के, तो फक्त शुल्कावर : १५,०००
हातात १,६२,०००, त्यातले २७,००० सरकारचे.
जीएसटीवरही टीडीएस कापला जात असेल तर बिलात दोन रकमा वेगळ्या दाखवलेल्या नसतात, बहुतेक वेळा कारण हेच.

परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात ठरली तर शून्य दर, पण त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून ठेवावं लागतं आणि पैसे परकीय चलनात यावे लागतात. भारतात त्यांच्या वतीने कुणाला तरी भेटून विक्री जुळवून देणं हे पूर्वी ‘मध्यस्थ’ सेवेच्या वादात सापडत असे. म्हणजे फाइल_नोटिंग यांनी सांगितलेली मध्यस्थी कराच्या बाजूनेही महागात पडत असे.

आयकरात व्यावसायिकांसाठी अनुमानित करपद्धत आहे, जुन्या कायद्यातलं ४४एडीए. ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा नफा धरतात आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. पण ती ठरावीक व्यवसायांनाच आहे. ‘तांत्रिक सल्ला’ त्यात आहे, ‘संरक्षण सल्लागार’ असं नाव नाही. तुमच्या करारात आणि बिलात कामाचं वर्णन काय आहे त्यावर बरंच ठरेल. ‘लायझन’ किंवा ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ लिहिलंत तर हा लाभ मागणं अवघड. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुन्या क्रमांकाने नमुना करार उतरवू नका.

उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर केला तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजावटीत मिळत नाही. मार्चमध्ये थकलेली बिलं याने हलतात.

स्वतंत्र संचालक व्हायचं असेल तर मानेसरच्या आयआयसीए या सरकारी संस्थेच्या डेटाबँकेत नाव घालून दोन वर्षांत ऑनलाइन चाचणी द्यायची, ५० टक्के गुण लागतात. बैठक शुल्काची कायदेशीर कमाल मर्यादा एका बैठकीला एक लाख. त्यावरचा जीएसटी कंपनीच भरते. पण संचालकपद पहिल्या वर्षाच्या परवानगीच्या अटीत येतं, हे वर आलंच आहे.

---

देवळाली_१५५

सगळ्यांचे आभार. टक्क्याचा विषय संपला, आणि ती कंपनी पहिल्या वर्षात नाही हेही पटलं. मग त्या वर्षात काय करावं? पाचवा प्रश्नही राहिलाय. आणि परदेशी कंपनीचं?

---

पाषाण_रोड

पहिलं वर्ष धोरणाच्या अभ्यासाला द्या, कर्नलसाहेब. पैसे जवळजवळ नाहीत, हे आधीच समजून घ्या. मानधन आणि प्रवासखर्च निघाला तर निघाला.

पुण्यात विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिक अभ्यास विभाग आहे, १९९२ पासूनचं सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्ट्रॅटेजिक स्टडीज आहे. दिल्लीत १९६५ची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, १८७०ची यूएसआय (युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन), लष्कराशी जवळचं क्लॉज हे अभ्यासकेंद्र. या सगळ्यांकडे निवृत्त अधिकाऱ्यांची रांग आहे, आणि रांगेतला प्रत्येक जण चीनवर लिहायला तयार आहे. तुम्ही चीनवर लिहू नका. तोफखान्याच्या खरेदीवर, नळीच्या आयुष्यावर, दारूगोळ्याच्या साठ्याच्या अर्थकारणावर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

साहित्य सगळं उघड आहे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल, कॅगचे अहवाल, अर्थसंकल्पातल्या संरक्षणाच्या मागण्या, मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचे आरएफआय. यातून काम कसं करायचं त्याचा एक नमुना देतो. २०२५-२६ची संरक्षण तरतूद ६.८१ लाख कोटी. त्यात भांडवली खर्च १.८० लाख कोटी, निवृत्तिवेतन सुमारे १.६१ लाख कोटी. भांडवलातला आधुनिकीकरणाचा भाग १,४८,७२२ कोटी, आणि त्याचे ७५ टक्के, म्हणजे १,११,५४४ कोटी, देशी उद्योगासाठी राखून ठेवलेले. वर्तमानपत्रं इथे थांबतात. पुढचा प्रश्न असा की, या रकमेतून आधी झालेल्या कंत्राटांचे हप्ते गेल्यावर नव्या योजनांना किती उरतं? ते स्थायी समितीच्या अहवालांत बांधील दायित्वांच्या तक्त्यात शोधायचं, आणि अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही आकडे पाच वर्षांचे एकाखाली एक मांडायचे. असा एक तक्ता केलात की संपादक तुम्हाला फोन करतील.

लिहिताना तीन आकार लक्षात ठेवा. वृत्तपत्राचा लेख ८०० शब्दांचा, एकच मुद्दा. संस्थेचा टिपणवजा अहवाल अडीच-तीन हजारांचा, तक्ते आणि शिफारशींसह. समितीपुढचं निवेदन दोन पानांचं, पहिल्या परिच्छेदात मागणी. फौजी अधिकारी नेमका उलटा लिहितो : पार्श्वभूमी, पार्श्वभूमी, पार्श्वभूमी, शेवटी दोन ओळी शिफारस. स्टाफ पेपरची ती सवय मोडावी लागते.

शिफारस कशी लिहिली तर हलते? लष्कराची लढाऊ क्षमता आणि खर्च यांचा विचार करणाऱ्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीचा अहवाल डिसेंबर २०१६चा. त्यातल्या ६५ शिफारशींचा पहिला हप्ता ऑगस्ट २०१७ मध्ये मंजूर झाला. लष्करी गोशाळा बंद करणं, टपाल आस्थापना आटोपशीर करणं, सुमारे ५७,००० मनुष्यबळाची फेरनियुक्ती. या शिफारशी ठरावीक आस्थापनांपुरत्या, नेमक्या होत्या. दुसरीकडे कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये सुचवलेलं संरक्षण दलप्रमुखपद भरलं गेलं ते जानेवारी २०२० मध्ये. तिथे एकट्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशाने भागणार नव्हतं, राजकीय संमती लागत होती. तुमच्या टिपणातल्या शिफारशी या दोन ढिगांत वेगळ्या करा. पहिल्या ढिगातल्या आधी लिहा.

दोन्ही कामं एकत्र चालतात, उघड सांगितलं तर. प्रत्येक लेखाखाली एक ओळ : ‘लेखक तोफखाना क्षेत्रातल्या कंपन्यांना सल्ला देतात.’ आणि ज्या उत्पादनात गिऱ्हाइकाचा पैसा आहे त्याच्या बाजूने किंवा विरोधात लेख नाही. चॅनेलवाले ही ओळ पडद्यावर दाखवत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतः बोलताना सांगा. नाही सांगितलंत तर समाजमाध्यमांवर कुणीतरी काढतंच, आणि मग तुमचा बांधील दायित्वांचा तक्ताही संशयास्पद ठरतो.

---

चाचणीमैदान

पाषाण_रोड यांच्याशी इथे थोडा मतभेद आहे. ओळ लिहिल्याने भागत नाही. तोफखान्यावर लिहायचं आणि तोफखान्याच्याच कंपनीला सल्ला द्यायचा, तर चालू निविदेच्या काळात त्या विषयावर पूर्ण मौन हवं, लेखही नको आणि चर्चासत्रही नको. आरएफपी निघाल्यापासून कंत्राट होईपर्यंत. ही मुदत कधी कधी चार-पाच वर्षांची असते, म्हणजे लेखनाचा विषयच बंद. त्यापेक्षा लेखन अर्थसंकल्प आणि खरेदीपद्धतीवर ठेवा, सल्ला तोफांवर.

परदेशी कंपनीबद्दल. ती प्रथम तुमची छाननी करेल. अमेरिकी असेल तर एफसीपीए आणि ब्रिटिश असेल तर २०१०चा ब्रायबरी ॲक्ट हे लाचविरोधी कायदे लागू होतात, म्हणून लांबलचक प्रश्नावली येते : शेवटची पदं, नात्यातलं कुणी सरकारी सेवेत आहे का, खातं कुठल्या देशात, हिशेब तपासू द्याल का. तिथे परवानगीचं पत्र मागतात, ते स्कॅन करून ठेवा. उलट्या दिशेने स्कोमेट ही भारताची नियंत्रित निर्यातीची यादी आहे. लष्करी वस्तूंशी निगडित तंत्रज्ञान त्याच्या सहाव्या वर्गात येतं, आणि ते ईमेलने पाठवणंही निर्यातच धरलं जातं. ‘तुमच्या साइटला आमच्या तोफेवर अमुक कोनात झटका बसतो’ हे तुम्ही सेवेतल्या चाचणीवरून सांगितलंत, तर स्कोमेटच्या आधी १९२३चा कायदाच दारात उभा राहील. डीएपी, स्वदेशी घटकांचे नियम, ऑफसेट (परदेशी विक्रेत्याने कंत्राटाचा काही हिस्सा भारतीय उद्योगात परत आणण्याची अट; दोन हजार कोटींपासून वर, ३० टक्के), सरकारी मंजुरीविना ७४ टक्क्यांपर्यंतची थेट परकीय गुंतवणूक, एवढ्यावर बोलायला भरपूर आहे आणि सगळं छापील आहे.

---

फाइल_नोटिंग

करारात काय असावं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून पुन्हा आलो.

कामाची व्याप्ती नकारार्थीही लिहून घ्या : ‘सल्लागार कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याशी कंपनीच्या वतीने संपर्क साधणार नाही.’ निविदापूर्व बैठकीला कंपनीचा पगारी माणूस जाईल, तुम्ही मागच्या खुर्चीवरही बसायचं नाही. महिन्याचे दिवस ठरवा, समजा आठ, आणि त्यावरच्या दिवसाचा दर वेगळा. नाहीतर रिटेनरचा अर्थ चोवीस तास फोन असा होतो. कोणत्या प्रतिस्पर्ध्यांचं काम घेणार नाही त्यांची नावं परिशिष्टात घाला. ‘संरक्षण क्षेत्रात अन्यत्र काम करणार नाही’ असलं मोघम वाक्य असेल तर सही करू नका. कंपनीने सरकारला दिलेल्या प्रतिज्ञापत्रांतल्या चुकीची जबाबदारी तुमच्यावर येऊ नये यासाठी कलम हवं, विशेषतः स्वदेशी घटकांच्या प्रमाणपत्राबाबत, कारण तो तक्ता तुम्ही तपासलेला असेल पण आकडे त्यांचे असतील. दोन्ही बाजूंनी ३० दिवसांच्या सूचनेवर करार संपवता यावा. आणि प्रत्येक महिन्याचं लेखी टिपण द्या, दोन पानं का होईना. उद्या कुणी विचारलं की दीड लाख कशाचे घेतले, तर फाइलमध्ये बारा टिपणं असली पाहिजेत.

डीजीआरच्या (निवृत्त सैनिकांचं पुनर्वसन पाहणारं महासंचालनालय) यादीतला आयआयएमचा २४ आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम सेवेच्या शेवटच्या काळात करता येतो. मार्चला निवृत्ती असेल तर वेळ फार उरलेला नाही, उद्याच ऑफिसात विचारा. त्यातला कंत्राटी कायदा आणि खर्च-हिशेबाचा भाग तुमच्या कामाचा आहे, बाकीचं झोपून काढलंत तरी चालेल.